दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा: आमच्या दोन घरांचा हिशोब

गल्लीतला एक पोरगा मागच्या आठवड्यात रात्री जेवणं झाल्यावर घरी आला. वय एकोणतीस, कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावात एका मशीन शॉपमध्ये आहे. चप्पल काढता काढताच म्हणाला, "दादा, तुम्ही दुसरी नोकरी नसताना सोडली होती न्हवं? मला बी सोडायची हाय. आता सहन होईना झालंय."

त्याला मी लगेच हो म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. हा प्रश्न आमच्या नात्यातल्या दोन घरांत दोन प्रकारे सुटलाय. दोन वर्षांपूर्वी मी काहीही हातात नसताना फाउंड्रीतली नोकरी सोडली. त्याच वर्षी माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या दाजींनी, शिरोलीतली नोकरी बदलली, पण नव्या ठिकाणचं पत्र हातात पडल्यावरच. दोन्ही घरात शाळेत जाणारी मुलं, दोन्ही घरात म्हातारं माणूस, दोन्हीकडे मुख्य पगार एकच. त्याच्यासमोर जो हिशोब मांडला तोच इथं मांडतो.

आधी कारण. दाजींचं कारण पगाराचं होतं. सहा वर्षं वाढ नावापुरती आणि मेंटेनन्सची सगळी जबाबदारी यांच्यावर. त्रास खरा होता, पण आणखी आठ महिने काढता येईल असा होता. माझं तसं नव्हतं. मी क्वालिटीला होतो. कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागांची, हार्डनेस (कडकपणा) बघायची, हीट नंबर, म्हणजे कोणत्या ओतीचा माल तो नंबर, घालून सर्टिफिकेट करायचं आणि खाली सही करायची, हे माझं काम. गाडी दारात उभी असली की तपासणीआधीच सही मागायला सुरुवात झाली. एका संध्याकाळी बारा सर्टिफिकेटांचा गठ्ठा टेबलावर आला, आकडे आधीच भरलेले. हार्डनेस मोजायच्या ब्रिनेल मशीनवरचं कापड सकाळपासून काढलेलंसुद्धा नव्हतं. माल होता ट्रकच्या ब्रेक ड्रमचा. मी सही केली नाही, आणि पुढचे तीन आठवडे माझं तिथं काय झालं ते सांगत बसत नाही.

म्हणून तुमचं कारण कोणत्या जातीचं आहे ते आधी ओळखा. पगार, बढती, कंटाळा, साहेबाचं बोलणं ही कारणं वाट बघू शकतात. खोटी सही, अंगावर येणारी असुरक्षित मशीन, छळ, किंवा डॉक्टरनं 'आता थांबा' म्हणून सांगितलेली तब्येत, ही कारणं वाट बघत नाहीत. पुढचे सगळे आकडे पहिल्या प्रकारच्या लोकांनी जास्त मनावर घ्यावेत.

आता पैसा. माझ्या हातात महिन्याला 38,000 येत होते. राजीनामा देण्याआधी बायकोनं आणि मी मुलाच्या जुन्या वहीत कमीत कमी खर्च लिहिला. घराचा हप्ता 11,400, दोन्ही मुलांची फी 4,200, किराणा 6,500, दूध-भाजी 4,000, आईची औषधं 2,300, वीज, गॅस आणि मोबाईल 2,600, भिशी 2,000, पेट्रोल 1,500. बेरीज 34,500. बायको शिवणकाम करते, त्यातून सरासरी 6,000 येतात. म्हणजे दर महिन्याला 28,500 साठ्यातून जाणार. बँकेत 1,60,000 होते. भागाकार केला तर साडेपाच महिने निघत होते आणि आम्हाला ते पुरेसे वाटले.

ते प्रत्यक्षात चारच महिने निघाले. माझा शेवटचा दिवस 31 मे. जूनच्या मध्याला शाळा उघडली, वह्या-पुस्तकं, गणवेश, बूट यात 9,000 गेले. वहीत आम्ही महिन्याचा खर्च लिहिला होता, वर्षातून एकदा येणारा लिहिलाच नव्हता. ऑगस्टमध्ये धाकटीला डेंग्यू झाला. चार दिवस दवाखाना, बिल 31,000.

या बिलाबद्दल सविस्तर सांगतो, कारण चूक माझीच होती. कंपनीच्या ग्रुप विम्यात आम्ही सगळे होतो. नोकरीचा शेवटचा दिवस तोच त्या विम्याचाही शेवटचा दिवस. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि तसं गेलं तर आधी भरून झालेला प्रतीक्षा काळ, म्हणजे आजाराचे पैसे मिळायला लागेपर्यंत थांबायचा काळ, धरला जातो. पण त्यासाठी ग्रुप विमा संपायच्या आत अर्ज करावा लागतो. मी तो केला नाही. जुलैच्या शेवटी नवी पॉलिसी घेतली. नव्या पॉलिसीत पहिले 30 दिवस अपघात सोडून कोणत्याच आजाराचे पैसे मिळत नाहीत, आणि पोरीला ताप आला तो अठराव्या दिवशी. आईचा मधुमेह आधीपासूनचा, अशा आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात. दाजींकडे हा प्रश्नच आला नाही. एका कंपनीचा विमा शनिवारी संपला, दुसरीचा सोमवारी सुरू झाला.

ज्यांचा पगार महिना 21,000 पर्यंत आहे त्यांचं ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, असतो आणि त्यांचं गणित वेगळं. तिथं एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. राजीनाम्याची तारीख ठरवताना हे दिवस मोजून घ्यावेत. मोठ्या आजारासाठी रेशनकार्डावर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, आपल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातही ती चालते, पण ठरलेल्या उपचारांपुरती. रोजच्या औषधाला तिचा उपयोग नाही.

ग्रॅच्युइटीत मात्र मला एक महिना थांबल्याचा फायदा झाला, तोही ऑफिसातल्या एका जुन्या माणसानं कानात सांगितलं म्हणून. कायम नोकरीत पाच वर्षं सलग झाली की ती मिळते. माझ्या वेळचा हिशोब असा: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. माझं मूळ आणि डीए मिळून 19,500, म्हणजे वर्षाला 11,250. एप्रिलअखेर सुटलो असतो तर 11 वर्षं 6 महिने आणि वरचे दिवस नक्की किती यावर वाद झाला असता. मेअखेर 11 वर्षं 7 महिने झाले, बारा वर्षं धरली गेली, 1,35,000 मिळाले. कायद्यानं 30 दिवसांत द्यायचे असतात, मला तीन पत्रं द्यावी लागली आणि पैसे ऑगस्टच्या अखेरीस आले. ते आले नसते तर ऑक्टोबरचा हप्ता चुकला असता.

पीएफवर मी विसंबलो नाही आणि तुम्हीही फार विसंबू नका. पूर्वी दोन महिने बेकार राहिलं की सगळी रक्कम काढता यायची. ऑक्टोबर 2025 मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळानं 75 टक्के लगेच आणि उरलेली रक्कम बारा महिन्यांनी असं ठरवलं. शिवाय सेवेची पाच वर्षं व्हायच्या आत काढली तर कर लागतो, आणि दहा वर्षांच्या आत पेन्शनचा हिस्सा काढून घेतला तर पेन्शनसाठी मोजायची ती वर्षंही जातात.

दाजींच्या घरात आणखी एक आधार होता. ते कागल तालुक्यातल्या गावात राहतात, घरात दोन म्हशी. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं आणि बहिणीचा किराणा त्यातूनच निघतो. पाऊण एकर ऊसही आहे. बरेच जण म्हणतात, 'ऊस हाय की, मग कशाला भ्यायचं?' पण उसाचं बिल गाळप हंगामात येतं, सोसायटीचं पीककर्ज आधी कापून येतं, आणि जुलै-ऑगस्टच्या हप्त्याला त्याचा उपयोग होत नाही. आधार म्हणून मोजायचं झालं तर म्हैस मोजा, ऊस मोजू नका. गंमत नाही करत, बहिणीच्या घरात मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

आता नोकरी शोधणं. इथं सगळे एकच सल्ला देतात, हातातली धरून शोध. मुंबई-पुण्यात हे सोपं असेल. आपल्याकडे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत एवढाच प्रदेश, आणि एचआरची माणसं एकमेकांच्या लग्नाला जाणारी. शिरोलीत सकाळी चहाच्या गाड्यावर काही बोललं की दुपारच्या शिफ्टला ते कागलला पोचलेलं असतं. दाजी म्हणून जवळच्या कंपन्यांत उघड विचारू शकले नाहीत. चाकणला तीनदा जाऊन आले. रात्री स्टँडवरून गाडी धरायची, हायवेचं रुंदीकरण सोसत पहाटे स्वारगेट, तिथून चाकण, मुलाखत, आणि परत रात्रीच्या गाडीनं येऊन सकाळी ड्युटीवर. दरवेळी एक रजा आणि खोटं कारण. तिसऱ्या वेळी रक्तदाब वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली ती अजून आहे. आठ महिन्यांत त्यांच्या पाच मुलाखती झाल्या.

मी मोकळा होतो. पाच महिन्यांत अकरा मुलाखती दिल्या, फाइल घेऊन दिवसाउजेडी कंपन्यांत गेलो, जुन्या सप्लायरना भेटलो. दुपारी करवीर नगर वाचन मंदिरात बसून क्वालिटी सिस्टीमचं जे अर्धवट राहिलं होतं ते वाचून काढलं. शोधायला वेळ आणि डोकं लागतं, ते माझ्याकडे होतं, दाजींकडे नव्हतं.

पण अकराही ठिकाणी दुसरा प्रश्न तोच, 'सध्या कुठं आहात?' सध्या कुठंच नाही म्हटलं की समोरच्याचं पेन थांबायचं. जुन्या जागेबद्दल वाईट बोलायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे खरं कारणही पूर्ण सांगता येत नव्हतं. सप्टेंबरात एकानं 33,000 सांगितले. दाजींना तसा कमी आकडा आला तेव्हा ते सरळ नाही म्हणून आले होते, कारण महिन्याच्या सात तारखेला पगार खात्यात पडणारच होता. मी नाही म्हणालो आणि घरी येऊन रात्रभर जागा राहिलो. शेवटी नोव्हेंबरात 35,000 वर रुजू झालो, आधीपेक्षा तीन हजारांनी कमी. दाजी 42,000 वरून 51,000 वर गेले.

त्या पोराला मी एका रेघेत लिहून दाखवलं. बुडालेला पाच महिन्यांचा पगार 1,90,000, पहिल्या वर्षाचा कमी पगार 36,000, दवाखाना 31,000. मिळून 2,57,000. दाजींच्या बाजूला तीन रजा, बसभाडं, आणि ती रक्तदाबाची गोळी.

वहीत न मावणारं बरंच असतं. जूनच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेसहाला आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी नोकरी सोडल्याचं तिला सांगितलं होतं, पण बारा वर्षांची सवय. म्हणाली, "डबा भरू का न्हाई, तेवढं सांग." मला बोलता येईना. बायको म्हणाली, "भरा आई, ते कंपन्या बघायला जाणार हैत." त्या दिवसापासून रोज डबा भरला गेला आणि मी रोज बाहेर पडलो. घरात बसलो असतो तर पाच महिने काढता आले नसते. बायकोशी सगळं आधी बोललो होतो, हे माझ्या हातून झालेलं सगळ्यात बरं काम. तिनं स्वतःहून भिशीवाल्या बाईंना सांगून आमचा नंबर अलीकडे घेतला, जुलैत 40,000 आले. भिशी उचलली तरी पुढचे हप्ते भरावेच लागतात, म्हणून आम्ही ते उत्पन्न धरलं नाही, उसनवारी धरली.

तर माझं मत. कारण वाट बघणारं असेल तर दाजींचा रस्ता धरावा, तो कष्टाचा असला तरी. घरात एकच पगार, चालू कर्ज आणि आजारी माणूस असेल तर नक्कीच. कारण वाट बघणारं नसेल तर सोडा, पण जमत असेल तर आधी दोन महिने तयारीला काढा. विमा बदलून घ्या, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म 16 घरी आणा, ग्रॅच्युइटीचे महिने मोजा, अनुभवाचं आणि कार्यमुक्तीचं पत्र हातात घेतल्याशिवाय गेट ओलांडू नका. साठ्याचे महिने काढताना उत्तरातून दीड महिना वजा करा. मध्ये बिनपगारी रजेचा एक मार्ग असतो, पण आपल्याकडच्या मध्यम कंपन्या ती क्वचितच देतात. विचारून मात्र बघावं. मी स्वतः त्या सर्टिफिकेटांवर आजही सही करणार नाही. विमा तेवढा वेळेत बदलून घेईन.

पोरानं सगळं ऐकलं, मग स्वतःचं सांगायला लागला. कारण पगाराचं आणि सुपरवायझरच्या शिव्यांचं. साठा तीन महिन्यांचा. आणि मग सहज म्हणाला, घरी बायकोला सहावा महिना लागलाय. मी विचारलं, "बाळंतपण तुझ्या ग्रुप विम्यात धरलंय का?" त्याला ठाऊक नव्हतं. मोबाईलवर पॉलिसी उघडली. धरलं होतं, 50,000 पर्यंत. नवी वैयक्तिक पॉलिसी घेतली असती तर बाळंतपणाला बहुतेक ठिकाणी वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त थांबायला लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. राजीनामा लिहून ठेवलाय म्हणाला, तारखेची जागा मोकळी ठेवलीय. रविवारी बायोडाटा घेऊन येणार आहे, आणि मी त्याला शिव्यांची तक्रार आधी लेखी द्यायला सांगितलंय, तो मसुदाही तेव्हाच करू.