निजामुद्दीन दर्गा, दिल्ली: गुरुवारच्या कव्वालीचा अनुभव

मागच्या महिन्यात दिल्लीला गेले होते, ऑगस्ट क्रांती राजधानी हजरत निजामुद्दीन स्टेशनलाच सोडते आणि नेमका गुरुवार होता म्हणून संध्याकाळी आधी दर्गाच गाठला. आम्ही खुलताबादकडचे, तिथल्या सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात लहानपणापासून जाणं-येणं आणि ते इथल्या निजामुद्दीन औलियांचेच शिष्य, त्यामुळे आपल्या गुरूंच्या गुरूकडे चाललोय असंच वाटत होतं.

आधी त्रास झाला तो सांगते. गल्लीत शिरलं की फुलवाले हाका मारायला लागतात, चप्पल इथे ठेवा म्हणून, एकाकडे ठेवली तर त्याने तीनशे रुपयांचं फुलांचं ताट गळ्यात मारलं. पैसे आधीच विचारून घ्या.

आत गेल्यावर मी सरळ मोठ्या मजारीकडे, म्हणजे निजामुद्दीन औलियांच्या कबरीकडे निघाले तर एका आजींनी हात धरला, "बेटा, पहले खुसरो." रीत अशी की आधी त्यांचे लाडके शिष्य, कवी अमीर खुसरो यांना सलाम, मग हजरतांना, म्हणजे निजामुद्दीन औलियांना. दोघंही 1325 सालीच गेले, काही महिन्यांच्या अंतराने, आणि एकाच आवारात आहेत. आजी रागावल्या नाहीत, कुणाची कोण विचारलं नाही, सोबत चालत आल्या आणि नंतर सरकून स्वतःच्या सतरंजीवर जागा पण दिली. डोक्यावर ओढणी हवीच, आणि बायकांना आत मजारीपाशी जाता येत नाही, बाहेर बसायचं असतं, हे माहीत असू द्या.

मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर कव्वाली सुरू होते. कव्वाल मजारीकडे तोंड करून बसतात, म्हणजे ते हजरतांना ऐकवत असतात, आपण फक्त सोबत बसलेलो. एकाला नजराना द्यायचा होता तर त्याने नोट थेट कव्वालांपुढे न टाकता मधे बसलेल्या बुजुर्गांच्या हातात वाकून दिली आणि त्यांनी ती पुढे दिली, पैसे देतानाही मी दिले असं मिरवायचं नाही, मला हे फार म्हणजे फार आवडलं. जुने सूफी सांगायचे की समाला, म्हणजे अशा भक्तिसंगीताच्या मैफलीला, योग्य वेळ लागते, योग्य जागा लागते आणि योग्य सोबती लागतात, आणि खरं सांगते, त्यातलं सोबत्यांचं मला त्या सतरंजीवर बसल्यावर कळलं. शेजारची मुलगी रडत होती, कुणी वळून बघितलं नाही, आजींनी फक्त तिच्या पाठीवर हात ठेवला. शेवटी 'रंग', म्हणजे खुसरोंचं 'आज रंग है' हे गाणं, सुरू झाला तसे सगळे उठून उभे राहिले, आजीसुद्धा गुडघे धरून.

खटकलं ते मोबाईलचं. लोक पुढे येऊन उभ्यानेच व्हिडिओ काढतात, मागे बसलेल्यांना काही दिसत नाही. दहा मिनिटं फोन पिशवीत ठेवून बसा हो, तिथे बघायला नाही, बसायला जायचं असतं.

हजरतांची वचनं ज्यांनी लिहून ठेवली ते अमीर हसन सिजझी आमच्या खुलताबादलाच दफन आहेत, हे मी आजींना सांगितलं तर त्यांनी पदरातले इलायचीदाणे काढून अर्धे माझ्या हातावर ठेवले, "उनको भी सलाम कहना." परत आल्यावर पहिल्याच रविवारी जाऊन सांगून आले.

जाणार असाल तर मगरिबच्या अर्धा तास आधी पोचा, म्हणजे बसायला जागा मिळते.