चांदी मागितली, पोटिन मिळालं

जुन्या नाण्यांच्या या दुकानाला चार तारे. पाचवा का कापला ते शेवटी सांगतो.

तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. खोटं नाणं हाताला कळतं असा माज होता. मोबाइलवरून मागवलेल्या 'नहपाना'ने, म्हणजे त्या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्याने, तो उतरवला, १,८०० रुपये घेऊन. या दुकानात ते काउंटरवर ठेवलं, तर मालकांनी राजाच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. आडवं धरून कड बघितली आणि भिंग माझ्या हातात दिलं. कडेने गोल फिरलेली बारीक रेघ, वर रव्याएवढी छिद्रं. "काका, हे साच्यात ओतलंय. तेव्हा नाणी ठोकून पाडायचे." मग काटा: ३.१ ग्रॅम. क्षत्रपांचं (पश्चिम भारतातले जुने राजे) चांदीचं नाणं दोन ग्रॅमच्या आसपास भरतं.

मला तरी खरा नहपानच हवा होता. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली त्याची तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. हे डोक्यात बसलं होतं. मालक म्हणाले, "सहा महिने थांबा," आणि ४०० रुपयांचं सातवाहनांचं पोटिन (तांब्यात शिसं-कथील मिसळलेलं नाणं) दिलं. पुढे सोंड उचललेला हत्ती, मागे उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकाच्या चार टोकांना चार गोळे. बिल न मागता मिळालं, त्यावर वजनही.

घरी बायको चिंच घेऊन तयार! नशीब, दुकानातच बजावलं होतं, वरचा काळा-हिरवा थर घासला की नाणं गेलं. शिशाचं घेतलंत तर लाकडी कपाटात ठेवू नका, पांढरी भुकटी धरते. हात लावला की साबणाने धुवायचे.

सहा महिन्यांनी क्षत्रप राजा दुसऱ्या रुद्रसेनाचं चांदीचं घेतलं. चेहऱ्यामागे ब्राह्मी आकड्यांत शक: १०० आणि ९० लागतात, एकक नाण्याबाहेर गेलाय. ७८ मिळवले की इसवी सन २६८ ते २७७ मधलं. उलट्या बाजूला राजाबरोबर बापाचंही नाव, शाळेच्या दाखल्यासारखं. अमेरिकेतला मुलगा म्हणाला, एक पाठवा. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर धाडता येत नाही, हेही इथेच कळलं.

आता तारा. ट्रेवर किमती लिहिलेल्या नसतात, दर वेळी विचारावं लागतं. आणि नाणी देतात मऊ प्लास्टिकच्या पाकिटात. माझ्या तांब्याच्या शिवराईवर त्याने हिरवा चिकटा आला. सांगितलं तर "बदलतो" म्हणाले. परवा गेलो, तीच पाकिटं.