नऊ व्होल्टचं ‘पॉइंट डिटेक्टर’ पेन: झटके द्यायला ठीक, शोधायला नाही

नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या सर्जिकल मालाच्या दुकानात विचारा किंवा ऑनलाइन मागवा, ‘ॲक्युपंक्चर पेन’ म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तू हातात पडतात. एकीत १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल, बदलता येणारी टोकं आणि जोर कमीजास्त करायची बटणं. ती नुसते झटके देते, शोधत काहीच नाही. दुसरीत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, पितळी टोक, संवेदनशीलतेचा नॉब, लाल दिवा आणि बीप. ती झटके देते आणि बिंदू शोधण्याचा दावाही करते. हे परीक्षण या दुसरीचं. खोक्यावर कंपनीचं धड नाव बहुधा नसतं, आतलं सर्किट मात्र थोड्याफार फरकाने तेच. पत्रक ठासून सांगतं की ॲक्युपंक्चर बिंदूवर त्वचेचा विद्युतरोध कमी असतो, म्हणून बीप वाजली की बिंदू सापडला. यातलं पहिलं विधान वादग्रस्त आहे आणि दुसरं चूक.

हे पेन नेमकं मोजतं काय? टोक हा एक इलेक्ट्रोड. वायरला लावलेली धातूची नळी हा दुसरा, ती रुग्णाच्या मुठीत द्यायची. नळी नसलेल्या पेनात प्रवाह वापरणाऱ्याच्याच शरीरातून फिरतो: एका हातात पेनची धातूची पट्टी, दुसरा हात रुग्णाच्या अंगावर. रबरी हातमोजे घातले की परिपथ तुटतो, बीप येत नाही, आणि लोक उगाच बॅटरी बदलत बसतात.

त्वचेखालचं शरीर म्हणजे विजेच्या दृष्टीने खारं पाणीच, तिथला रोध फार तर काहीशे ओहम. खरा अडथळा असतो तो त्वचेच्या सगळ्यात वरच्या मृत थराचा. अंगावर बहुतेक ठिकाणी हा थर १० ते २० मायक्रॉन जाड असतो, आणि कोरडा असताना बारीक टोकाखाली त्याचा रोध शेकडो किलोओहमपासून मेगाओहमपर्यंत जातो. म्हणजे पेन जे काही सांगतं ते या पापुद्र्याबद्दल. घामाच्या ग्रंथीचं तोंड, केसाचं मूळ, नखाचा ओरखडा, पुटकुळी, काल केलेलं शेव्हिंग, सगळीकडे ते सारख्याच उत्साहाने वाजतं. ओल्या पंचावर किंवा कापलेल्या बटाट्यावर दोन्ही इलेक्ट्रोड टेकवा, तिथेही वाजेल. बटाट्याला मेरिडियन (ॲक्युपंक्चरमध्ये बिंदूंना जोडणारी रेषा) असल्याचं अजून कोणी म्हटलेलं नाही.

नॉबची गंमत तर याहून मोठी. तो फक्त उंबरठा ठरवतो: प्रवाह इतका झाला की वाजायचं. पूर्ण उजवीकडे फिरवला तर सगळा हात वाजतो, पूर्ण डावीकडे नेला तर काहीच वाजत नाही. मधे कुठेतरी मोजकीच ठिकाणं वाजतात आणि त्यांनाच बिंदू म्हटलं जातं. किती बिंदू सापडावेत हे असं वापरणाऱ्याच्या अंगठ्यावर ठरतं.

टोकाचा आकार आणि हाताचा दाब यांनीही आकडा पार बदलतो. २ मिलिमीटर व्यासाच्या टोकाखाली सुमारे ३ चौरस मिलिमीटर त्वचा येते. व्यास ४ मिलिमीटर केला की क्षेत्रफळ चौपट आणि वरच्या थराचा रोध साधारण पाव. पेन तिरकं धरलं, जोरात दाबलं किंवा एकाच जागी दोनतीनदा टेकवलं तरी रोध उतरतो, कारण टोकाखाली घाम साचतो आणि वरचा थर चेपतो, खरवडला जातो. जिथे बिंदू ‘असायला हवा’ तिथे हात नकळत जास्त रेंगाळतो, आणि पेन होकार देतं. फसवणूक कोणाचीच नाही, पण निकाल आधीच ठरलेला. स्प्रिंगचं टोक असलेलं मॉडेल असेल तर दाब थोडा एकसारखा राहतो. नसेल तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पेन दाबून ५० ग्रॅमचा दाब हाताला कसा लागतो ते आधी शिकून घ्यावं.

विकत घेण्याआधी एक चाचणी करता येते, अर्ध्या तासाचं काम आहे. साबणाने हात धुवून पुसा आणि दहा मिनिटं थांबा. हाताला खोबरेल तेल लागलेलं नसेल असं पाहा, कारण तेलाचा थर वीज अडवतो. पारदर्शक प्लॅस्टिक फाइलच्या तुकड्यात १ सेंटिमीटर अंतराने २५ भोकं पाडा आणि तो मनगटाच्या वर आतल्या बाजूला चिकटवा. पेरिकार्डियम ६ हा तिथला बिंदू कुठे आहे हे माहीत नसलेल्या माणसाला एकाच दाबाने, प्रत्येक भोकात दोन सेकंद, पेन टेकवायला सांगा. वाजलेली भोकं कागदावर उतरवा. पंधरा मिनिटांनी तेच उलट क्रमाने. दोन कागद जुळले नाहीत तर पेन परत करा. जुळले तरी हुरळून जायचं कारण नाही: त्या जागा शास्त्रातल्या बिंदूशी जुळतात का, हा प्रश्न उरतोच.

नाशिकच्या हवेत तर आणखी पंचाईत. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत पायाची त्वचा पांढरी पडते आणि पोटरीवर पेन मुकं होतं. जूनच्या दमट दुपारी त्याच नॉबवर तेच पेन थांबता थांबत नाही. त्यामुळे ‘मागच्या महिन्यात मूत्रपिंडाची रेषा कमी होती, आता सुधारली’ असं कोणी रीडिंग दाखवून सांगत असेल तर आधी तेव्हा पंखा चालू होता का ते विचारावं.

पत्रकातला दावा अगदी हवेतून आलेला नाही, हेही सांगायला हवं. १९५० मध्ये जपानमध्ये योशिओ नाकातानींनी १२ व्होल्ट लावून त्वचेवर कमी रोधाच्या जागा नोंदवल्या आणि त्यातून त्वचेच्या वाहकतेवर आधारलेली र्योदोराकु पद्धत निघाली. जर्मनीत राइनहोल्ड फोल यांनी बिंदूंवरच्या अशा रीडिंगसाठी ० ते १०० ची मोजपट्टी आणली, त्यात ५० म्हणजे समतोल. सत्तरच्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट बेकर आणि मारिया रायखमानिस यांनी काही बिंदूंवर आसपासच्यापेक्षा जास्त वाहकता नोंदवली, सगळ्या बिंदूंवर नाही. २००८ मध्ये ॲन्ड्र्यू आन आणि सहकाऱ्यांनी अशा अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला. बिंदूंवरच्या ९ अभ्यासांपैकी ५ मध्ये कमी रोधाशी संबंध दिसला, उरलेल्यांत नाही, आणि एकूण पुरावा ठोस नाही असाच निष्कर्ष निघाला. पत्रक लिहिणाऱ्याने त्या नवातले पाचच वाचलेले दिसतात.

भौतिक आधार शोधायचाच तर जास्त रंजक धागा त्वचेच्या खाली आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये हेलेन लँजव्हिन यांच्या गटाने २००१ मध्ये सुई ओढून काढायला लागणारं बल मोजलं. सुई फिरवली की संयोजी ऊतीचे तंतू तिच्याभोवती गुंडाळले जातात आणि पकड वाढते. बिंदूंवर हे बल तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या जागांपेक्षा सरासरी १८ टक्के जास्त भरलं. २००२ मध्ये त्यांनी दंड आणि हातातले सुमारे ८० टक्के बिंदू स्नायूंमधल्या किंवा स्नायूतल्या संयोजी ऊतीच्या पडद्यांशी जुळत असल्याचं मांडलं. यावरही मतभेद आहेत, आणि १८ टक्क्यांच्या फरकातून ‘बिंदू म्हणजे वेगळा अवयव’ असं सिद्ध होत नाही. पण हे सगळं कित्येक मिलिमीटर खोल घडतं. पापुद्र्यावर अडलेल्या पेनचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. शिवाय अचूक जागेचा आग्रह किती धरावा हाही प्रश्नच: २००७ च्या जर्मन चाचणीत जुन्या कंबरदुखीवर खऱ्या बिंदूंवरच्या सुयांनी ४७.६ टक्के रुग्णांना फायदा झाला, बिंदू नसलेल्या जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के, आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के.

झटके देण्याच्या कामात हे पेन वाईट नाही. दुखऱ्या जागी थोडा वेळ बधिरपणा येतो, छोट्या टेन्स मशिनसारखा (दुखणं कमी करायला त्वचेवरून सौम्य वीज देणारं यंत्र). फक्त ‘शोध’ मोडमध्ये टोक एकाच जागी धरून ठेवू नका, तिथला प्रवाह बहुधा एकाच दिशेचा असतो. हिशेब करा: २०० मायक्रोॲम्पिअर ३ चौरस मिलिमीटरवर म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेसहा मिलिॲम्पिअरच्या आसपास. फिजिओथेरपीत आयनटोफोरेसिससाठी, म्हणजे विजेने त्वचेतून औषध आत सोडण्यासाठी, तेवढ्याच जागेला अर्धा मिलिॲम्पिअर ही नेहमीची मर्यादा. मिनिटभर धरलं तर लाल ठिपका, कधी बारीकसा भाजल्याचा डागही राहतो. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर तो कळतही नाही, अशांच्या पायाला हे लावूच नये. पेसमेकर असेल, गरोदरपण असेल, तर दूर. मानेच्या पुढच्या बाजूला आणि छातीवर कोणालाही नको.

टोक पितळी असल्याने काळं-हिरवं पडतं. खोडरबराने घासा, मग स्पिरिटने पुसा, आणि प्रत्येक रुग्णानंतर पुसाच. नळीची वायर मुळाशी तुटते, तिथे श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी) चढवली तर वर्षभर जास्त टिकते. नॉब फिरवताना खरखर किंवा आपोआप बीप आली तर नॉबखालच्या पोटेन्शिओमीटरमध्ये (रोध कमीजास्त करणाऱ्या भागात) धूळ आहे, काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरतो. सोबत आलेली बॅटरी स्वस्तातली असते, काही आठवड्यांत उतरते आणि उंबरठा हळूहळू सरकतो. अल्कलाइन घाला, काम झालं की काढून ठेवा, नाहीतर गळून आतली पट्टी गंजते.

विद्यार्थ्यांना बिंदू शिकायचे असतील तर मेन रोडवरच्या शिवणसाहित्याच्या दुकानातून मीटरभर इलॅस्टिक घ्या. त्यावर समान अंतराने १६ घरं आखा. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या घडीपर्यंत १२ घरं बसतील असं ताणलं की मनगटापासून दुसऱ्या रेघेवर, दोन कंडरांच्या मधे, पेरिकार्डियम ६. गुडघ्याच्या वाटीखालच्या बाहेरच्या खळगीपासून घोट्याच्या बाहेरच्या हाडापर्यंत १६ घरं बसवली की खळगीपासून तिसऱ्या रेघेवर, नडगीच्या धारेपासून बोटभर बाहेर, स्टमक ३६ हा बिंदू. रुग्ण उंच असो की बुटका, इलॅस्टिक त्याच्याच मापाने ताणलं जातं, आणि त्याला बॅटरी लागत नाही.