कोरियाचा ‘मामा’: ट्रॉफीकडे डोळे लावाल तर मामा बनाल

कोरियन संगीत वाहिनी एमनेटचं, १९९९ पासून चालत आलेलं हे के-पॉप म्हणजे कोरियन पॉप संगीताच्या पुरस्काराचं दुकान. २००९ मध्ये ते ‘एमनेट एशियन म्युझिक अवॉर्ड्स’, म्हणजे मामा झालं आणि २०२२ पासून अधिकृत नावच ‘मामा अवॉर्ड्स’. सोहळा कोरियन, पण मांडव परक्या गावात: २०२२ ओसाका, २०२३ टोकियो डोम, २०२४ लॉस एंजेलिस आणि ओसाका, २०२५ हाँगकाँगचं काई टाक स्टेडियम.

स्टेजला, म्हणजे सादरीकरणाला, पैकीच्या पैकी. २०२४ च्या ओसाकात बिगबँग या गटाचे जी-ड्रॅगन, तेयांग आणि देसंग एकत्र आले, त्या एका प्रसंगासाठी अख्खा कार्यक्रम माफ. एरवी गटांच्या नेहमीच्या गाण्यांना इथे नवा साज, लांब डान्स ब्रेक आणि वेगळा सेट मिळतो; कोरियन टीव्हीवरच्या साप्ताहिक म्युझिक शोमध्ये हे पाहायला मिळत नाही. मात्र मागे रेकॉर्ड केलेला आवाज बऱ्याचदा जोरात असतो. फक्त गायकी ऐकायला बसलात तर चिडचिड होईल.

निकालांचं गणित आधी समजून घ्या. मोठा पुरस्कार म्हणजे देसांग. त्यात वर्षाचा कलाकार, गाणं, अल्बम आणि फॅन्स चॉइस. घोळ होतो तो कालावधीचा, कारण पात्रतेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर नसतं. सेव्हन्टीन या गटाचा ‘सेव्हन्टीन्थ हेवन’ ऑक्टोबर २०२३ चा, वर्षाचा अल्बम ठरला नोव्हेंबर २०२४ मध्ये. ब्लॅकपिंक गटातली रोझे आणि अमेरिकन गायक ब्रुनो मार्स यांचं ‘आपातू’ (APT.) हे गाणं ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं, पुढच्याच महिन्यात मामाच्या स्टेजवरही झालं, पण वर्षाचं गाणं ठरलं २०२५ मध्ये. दरवर्षी ‘आमच्यावर अन्याय’ म्हणून जो गलका होतो, त्यातला बराचसा ही तारीख न पाहिल्यामुळे.

अल्बमच्या ट्रॉफीवर फार भावुक होऊ नका, ती बरीचशी विक्रीवर ठरते. एकच अल्बम अनेक आवृत्त्यांत निघतो, आत कुठल्या कलाकाराचं फोटोकार्ड निघेल ते नशिबावर, आणि फॅनसाइनच्या (कलाकाराला भेटून सही घेण्याच्या कार्यक्रमाच्या) सोडतीत जास्त प्रती म्हणजे जास्त संधी. त्यामुळे एकेक चाहता गठ्ठ्याने घेतो. गाण्याच्या पुरस्कारात सामान्य श्रोत्याचा कौल त्यामानाने जास्त उमटतो, म्हणून आमच्या लेखी खरा तोच. फॅन्स चॉइस तर सरळ मतांचा खेळ: एमनेट प्लस ॲपवर खातं उघडून मत द्यायचं. मतदान सोहळ्याच्या बरंच आधी बंद होतं. आयत्या वेळी ॲप उतरवून उपयोग नाही.

भारतातून बघताना वेळ नीट लावा. कोरिया-जपान आपल्या साडेतीन तास पुढे, हाँगकाँग अडीच. नोव्हेंबरात लॉस एंजेलिस साडेतेरा तास मागे, म्हणजे तिथली २१ तारखेची संध्याकाळ ही आपली २२ ची सकाळ. लाइव्ह बघायला कित्येक तासांचा संयम हवा. सेट बदलेपर्यंत चित्रफिती आणि जाहिराती चालू राहतात. वेळ कमी असेल तर एमनेटच्या यूट्यूब चॅनेलवर सुट्या स्टेजच्या क्लिप येतात, त्या बघा. मुख्य प्रक्षेपणात कॅमेरा ऐन फॉर्मेशनच्या वेळी प्रेक्षकांत बसलेल्या दुसऱ्या आयडॉलकडे (के-पॉप स्टारकडे) वळतो, ते दुखणं एकाच कलाकारावर रोखलेल्या फॅनकॅममध्ये नसतं.

विक्रीच्या आकड्यांना वजन हवं असेल तर १९८६ पासूनचा गोल्डन डिस्क हा कोरियन पुरस्कार सोहळा बघा. जानेवारीत होतो, अल्बम आणि डिजिटल गाणी वेगळी मोजतो. स्टेज मात्र मामासारखं नाही.