पुनर्विकास: नुसती घरं, की खाली दुकानंही?

तीस-चाळीस वर्षांच्या सोसायटीत पुनर्विकासाची सभा भरली की पुण्यात हल्ली दोन तट ठरलेले. खाली दुकानं बांधली तर बिल्डर कार्पेट (घरातली वापरायची जागा) वाढवून देईल, कॉर्पसही (सभासदांना द्यायची एकरकमी रक्कम) जास्त मिळेल, असं एक तट म्हणतो. दुसऱ्याला दारात गर्दी नको असते. दोघांनीही आकडेमोडीच्या आधी आपल्यासमोरचा रस्ता बघावा.

सहकारनगर किंवा डहाणूकर कॉलनीच्या आतल्या गल्लीत प्लॉट असेल, तर फार खल करायची गरज नाही. प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो एफएसआय. राज्याच्या 2020 च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीत रस्ता जितका रुंद तितका टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) आणि प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा) जास्त. 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर किरकोळ दुकानांपलीकडे व्यापारी वापराला वावही कमी. तिथे दोन-चार गाळे काढून कोणाचं भलं होत नाही, पार्किंगची जागा मात्र जाते. निव्वळ निवासी करा आणि मोकळे व्हा.

कर्वे रोड, टिळक रोड, सातारा रोडच्या तोंडावरच्या सोसायटीचं तसं नाही. धूळ आणि हॉर्न सोसायला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट कोणी हौसेने घेत नाही, आणि त्याच जागी दुकानाचा दर फ्लॅटपेक्षा बराच चढा असतो. शिवाय अँसिलरी, म्हणजे मूळ हक्कावरचा पूरक एफएसआय, निवासी बांधकामाला 60 टक्क्यांपर्यंत, व्यापारी बांधकामाला 80 टक्क्यांपर्यंत मिळतो. बिल्डर व्यापारी मजल्यांसाठी का अडून बसतो ते यावरून कळावं. घासाघीस करताना हे आकडे आपल्याही खिशात हवेत. (पेठांमधल्या वाड्यांत दर्शनी दुकान आणि आत बिऱ्हाडं हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंच की. पण दुकानाच्या फळ्या लागल्या की वाडाही निजायचा.)

अडचण होते ती खाली नेमकं कोण येतं त्यावरून. बँक, दवाखाना, सीएचं ऑफिस असेल तर रात्री सामसूम. हॉटेल आलं की त्याच्या एक्झॉस्टचा पत्र्याचा डक्ट मागच्या भिंतीवरून वर चढतो, तोही नेमका दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्यांना खेटून. अकरा वाजेपर्यंत तळणीचा वास येतो, फाटकात डिलिव्हरीवाल्यांच्या दुचाक्या आडव्या लागतात, आणि चेंबर तुंबला की तेलकट पाणी थेट पार्किंगमध्ये. वाढीव शंभर चौरस फुटांच्या बदल्यात हे घ्यायचं का, याचा विचार वरच्या मजल्यांवर घर मिळणाऱ्यांनी नव्हे, खालच्यांनी करायचा असतो. सभेत मात्र मत दोघांचं सारखंच.

म्हणून मोठ्या रस्त्यावर असाल तर माझा कौल मिश्र वापराला, पण अटी घालून. तळमजल्यावर दुकानं, पहिल्यावर ऑफिसं, त्याच्या वर घरं. ऑफिसं आणि घरं यांचे जिने आणि लिफ्ट वेगवेगळे. फाटक, पाण्याची टाकी, पार्किंगही वेगळं. जमल्यास व्यापारी गाळेधारकांची सोसायटीच वेगळी करावी, नाहीतर लिफ्टच्या खर्चात वाटा का द्यायचा यावर दुकानदार दरवर्षी भांडणार. खाद्यपदार्थांचा व्यवसाय चालणार नाही, ही अट विकसन करारात तर हवीच, प्रत्येक गाळ्याच्या विक्रीकरारातही हवी. बिल्डरच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. गाळे विकून तो निघून जातो, राहायचं आपल्याला असतं.

मेट्रो स्टेशनपासून 500 मीटरच्या आत असाल, तर टीओडी (मेट्रोलगत जास्त बांधकामाच्या) धोरणात एफएसआय 4 पर्यंत जाऊ शकतो. तिथे प्रस्ताव गोड दिसतात, पण इमारत किती उंच होणार आणि तिच्या गाड्या कुठे उभ्या राहणार, हे आधी नकाशावर मागा.

4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती लागते. मतदानाआधी, निविदा काढण्याच्याही आधी, प्रकल्प सल्लागाराकडून निवासी आणि मिश्र असे दोन्ही व्यवहार्यता अहवाल करून घ्या. एकदा बिल्डर ठरला की टेबलावर फक्त त्याचाच नकाशा येतो.