सात किलो की पंधरा? लातूर-जालन्याकडून विमानानं निघताना

अक्का आणि भाऊजी लातूरला, त्यांचा मुलगा बेंगळुरूला. वर्षातून एकदा-दोनदा ते विमानानं त्याच्याकडे जातात आणि त्याआधी महिनाभर मला जालन्याला फोन सुरू होतात. "या बारीला नुसती खांद्याला बॅग अडकवून जाऊत म्हणते. त्या पट्ट्यापाशी ताटकळणं नको," असं अक्का म्हणते. निघायच्या दोन दिवस आधी तीच म्हणते, "अरे, कुरडया अन् येसर राह्यलंच की. मोठीच बॅग घ्यावं लागते आता."

पुण्या-मुंबईतून उडणारा माणूस कपडे आणि लॅपटॉप घेऊन निघतो. आपल्याकडचा माणूस लेकराच्या महिन्याभराच्या जेवणाची तजवीज घेऊन निघतो, आणि विमानतळाचं दार दिसण्याआधी त्यानं एसटीत, रेल्वेत नाहीतर गाडीत काही तास घालवलेले असतात. त्यामुळे 'कमी सामान, सुखी प्रवास' हा सल्ला आपल्याला अर्धाच लागू पडतो. मी दोन्ही तऱ्हांनी बऱ्याचदा गेलोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: जाताना काउंटरवर द्यायची पंधरा किलोची बॅग, येताना फक्त हातातली सात किलोची. पण प्रत्येकाचं घर वेगळं, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

सात किलोत मावतं किती

देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमीच्या साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या हातात ७ किलोची एक बॅग आणि काउंटरवर जमा करून विमानाच्या पोटात जाणारं १५ किलो सामान नेऊ देतात. इंडिगोकडे हातातल्या बॅगेचं माप ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आहे. बायकांची पर्स किंवा लॅपटॉपची बॅग त्यात धरत नाहीत.

कडक प्लास्टिकची छोटी ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलो भरते. सातातले तीन किलो चाकं, दांडा आणि पत्रा वाहण्यातच गेले. कापडी सॅक एक किलोच्या आतबाहेर असते. म्हणजे एकाला चार किलो सामान नेता येतं आणि दुसऱ्याला सहा. चार किलोत तीन-चार दिवसांचे कपडे, औषधं, चार्जर आणि एक चप्पलजोड बसते, बास. सहा किलोत आठवडा निघतो.

भाऊजींची पाठ दुखते, त्यांना सॅक जमत नाही. पण एसटीत ट्रॉलीच्या चाकांचा काडीचा उपयोग नसतो. ती वरच्या फळीवर चढत नाही आणि पायात ठेवली तर शेजारचा माणूस परभणीपर्यंत आपल्याकडे बघत राहतो. गाडी करून दारापर्यंत जाणार असाल तर ट्रॉली घ्या. बसनं किंवा रेल्वेनं जाणार असाल तर सॅक. विमानतळाच्या आत ढकलगाडी फुकट मिळते, सॅक तिच्यावर टाकता येते.

फक्त हातातली बॅग असली की खरा फायदा वेळेचा होतो. देशांतर्गत उड्डाणाला सामान घेणारं काउंटर सुटायच्या ६० मिनिटं आधी बंद होतं. घरूनच मोबाइलवर वेब चेक-इन केलेलं असेल आणि काउंटरवर द्यायला काही नसेल, तर तुम्हाला सुरक्षा तपासणी उरकून गेटपाशी पोचायचं असतं, आणि गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं. हा अर्ध्या तासाचा फरक पुण्यातल्या माणसाला किरकोळ वाटेल. वाटेत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमागं अडकलेल्या माणसाला विचारा. अर्थात या भरवशावर घरून उशिरा निघू नका. मोठ्या विमानतळावर तपासणीची रांगच कधी कधी पाऊण तास खाते.

एक सावधगिरी. विमान भरलेलं असलं की गेटवरच काही जणांच्या ट्रॉल्या खाली सामानात टाकायला मागून घेतात. तशी वेळ आली तर देण्याआधी औषधं, दागिने आणि पॉवर बँक काढून घ्या.

डब्यांचा हिशेब

आपल्या निर्णयाचं मूळ इथं आहे. अक्काच्या यादीत काय असतं? ज्वारीच्या पापड्या, कुरडया, खारोड्या, येसर, काळा मसाला, कारळाची आणि जवसाची चटणी, ठेचा, लोणचं, घरच्या दुधाचं तूप, आणि हंगाम असेल तर केशर आंबे.

कुरडया-पापड्या वजनाला नगण्य, पण जागा खातात आणि चुरा होतात. त्या हातातल्या बॅगेत बिनदिक्कत जातात. धपाटे, दशम्याही जातात. अडतं ते तिखट, पातळ आणि तेलकट. लाल तिखट, मसाल्याची पूड, मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत असलं की तपासणीत बाजूला काढतात. तूप आणि तेलाचंही तेच. कधी समोरचा माणूस सोडतो, कधी सोडत नाही, आणि तिथं वाद घालून उपयोग नसतो. येसराची पिशवी एकदा माझ्याकडे होती. हे नेमकं काय आहे, हे तपासणीवाल्या जवानाला समजावताना माझी पुरती दमछाक झाली. भाजलेल्या धान्याची मसालेदार पूड, आमटीला लावतात, म्हटलं. त्यानं सोडली, पण मागच्या रांगेनं माझा उद्धार केला तो केलाच.

म्हणून या यादीतल्या तीन वस्तू जरी न्यायच्या असल्या तरी काउंटरवर द्यायची बॅग घ्यावी. तिथंही काही गोष्टी चालतच नाहीत, आणि त्या नेमक्या आपल्या पूजेच्या आणि ओटीच्या आहेत. सुक्या खोबऱ्याची वाटी हातातल्या बॅगेतही नाही आणि खालच्या सामानातही नाही. खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून हवाई वाहतुकीच्या नियमांत त्याची गणना ज्वालाग्राही मालात होते. कापूर, काडेपेटी आणि लायटरचीही दोन्हीकडे मनाई. नव्या घराच्या वास्तूला निघालेल्या सासूबाईंची पिशवी डोळ्यांपुढे आणा, तिच्यात हे सगळं असतंच. बेंगळुरूच्या दुकानात कापूर मिळतो, तिकडेच घ्या. पानाच्या बटव्यातला अडकित्ता मात्र काउंटरच्या बॅगेत चालतो, हातातल्या बॅगेत नाही.



पॉवर बँकेचं उलटं आहे. ती हातातल्या बॅगेतच हवी. १०० वॉट-तासांच्या क्षमतेपर्यंत विचारावं लागत नाही. बाजारातली नेहमीची २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची असते. मोठ्या बॅगेत राहिली तर बॅग अडकते आणि माइकवर तुमचं नाव पुकारलं जातं.

तूप भरण्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण माझा एक कोट त्यात गेलेला आहे. उडताना विमानाच्या आतला दाब खूप उंच डोंगरावर असतो तितका, म्हणजे सुमारे ६,००० ते ८,००० फुटांवरच्या हवेइतका होतो. सामानाच्या कप्प्यातही तोच दाब असतो. काठोकाठ भरून घट्ट झाकलेल्या बरणीतली हवा फुगते आणि तेल-तूप झाकणाच्या आट्यातून बाहेर येतं. तेव्हा बरणीत दोन बोटं जागा सोडा. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घाला, बरणी जाड पिशवीत गाठ मारून ठेवा आणि ती पिशवी जुन्या टॉवेलात गुंडाळा. डिसेंबरात तूप थिजलेलं असतं, फारशी चिंता नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसला टेकतो, तेव्हा तूप पाण्यासारखं असतं; मी तर त्या दिवसांत नेतच नाही. लोणच्याला काचेपेक्षा जाड प्लास्टिकची बरणी बरी.

आंब्याची पेटी वेगळी न्यावी का? काही कंपन्यांत १५ किलो म्हणजे एकच नग. बॅग ९ किलोची आणि पेटी ५ किलोची, बेरीज चौदाच होते, तरी दुसऱ्या नगाचे पैसे लागू शकतात. तिकिटावरची ओळ आधी वाचा. मी आंबे मोठ्या बॅगेतच मधोमध, चारी बाजूंनी कपडे लावून नेतो, आणि थोडे कच्चेच घेतो. मोसंबी मात्र नेऊ नका; जालन्याची मोसंबी कितीही गोड असली तरी तिच्यात वजन पाण्याचंच.

वजन घरीच करून निघा. हातात धरून उचलायचा छोटा काटा मिळतो. नसेल तर मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ओळखीच्या आडतीवर बॅग ठेवून बघा. तो काटा काउंटरच्या काट्याशी भांडत नाही. चौदा किलोवर थांबा.

कोणत्या विमानतळावरून

बॅगेचा निर्णय यावरही फिरतो. मला जालन्याहून प्रश्नच पडत नाही. चिकलठाण्याचं विमानतळ जालना रोडवरच आहे, छत्रपती संभाजीनगर शहरात शिरायच्या आधी. तासाभरात दारात. इमारत आटोपशीर, रांगा लहान, मोठी बॅग दिली तरी फारसा वेळ जात नाही. पण इथून उड्डाणं मोजकी. पुढं कुठं जायचं तर बहुधा मुंबई, दिल्ली किंवा हैदराबादला विमान बदलावं लागतं.

तेव्हा दोन्ही टप्प्यांचं तिकीट एकत्रच काढावं. एकाच तिकिटावर असेल तर मोठी बॅग सहसा थेट शेवटच्या गावी जाते. काउंटरवर विचारून चिठ्ठीवर शेवटच्या शहराचं नाव बघून घ्या. मी एकदा पाचशे-सातशे रुपये वाचवायला दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं काढली. मुंबईला पट्ट्यावरून बॅग घेतली, बाहेर आलो, रस्त्यानं दुसऱ्या टर्मिनलला गेलो, पुन्हा रांगेत लागलो. आता तर २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही उड्डाणं सुरू झाली आहेत, म्हणजे 'मुंबई' हा शब्द वाचून भागणार नाही, कोणतं विमानतळ तेही बघायचं. वेगळी तिकिटं काढायचीच असतील तर फक्त सात किलो घेऊन जा.

अक्कासारख्या लातूरकरांचं अवघड आहे. लातूरला धावपट्टी आहे, प्रवासी विमान नाही. नांदेड जवळ, साधारण १४० किलोमीटर. तिथून स्टार एअरची एम्ब्रेयर विमानं उडत आली आहेत. दोन-दोनच्या आसनांची, मधली अडचणीची जागाच नाही, म्हणून भाऊजी खूश. पण फेऱ्या कमी, वेळापत्रक बदलतं, आणि एक विमान चुकलं की दिवस गेला. पुणे सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, हैदराबाद तीनशेच्या घरात. माझी पसंती हैदराबादला. जहीराबादकडून गेलं की शहराबाहेरच्या रिंगरोडनं सरळ शमशाबादचं विमानतळ गाठता येतं, गर्दीत शिरावं लागत नाही, आणि बेंगळुरूची विमानं दिवसभर असतात. थेट विमान, गाडीनं दारापर्यंत; अशा प्रवासात पंधरा किलोची बॅग जड होत नाही. पुण्याला मात्र वाघोलीपासून पुढं किती वेळ लागेल हे कुणीच सांगू नये.

तिकिटावरचं नाव

आधारवर जसं आहे तसंच नाव घाला. आपल्याकडे कुठं आडनाव आधी, कुठं वडलांचं नाव मध्ये, कुठं लग्नाआधीचं. तिकीट काढून देणारा भाचा घाईत 'अक्का' असं काही लिहीत नाही, पण जवळपास तसंच करून ठेवतो. लहान लेकरांचा जन्मदाखला किंवा शाळेचं ओळखपत्र सोबत ठेवा.

येताना

परतीला पंधरा किलोची गरज मला तरी पडत नाही. डबे रिकामे झालेले असतात आणि ते एकात एक जातात. एअर इंडिया एक्सप्रेससारख्या कंपनीकडे फक्त हातातल्या बॅगेचं, जरा स्वस्त तिकीटही असतं. जाताना नेलेली मोठी बॅग मुलाकडेच सोडायची. ती तो दिवाळीला घेऊन येतो. दोन घरांत मिळून दोन मोठ्या बॅगा असल्या की हे चक्र बरं चालतं.

हे सगळं मी परवा अक्काला फोनवर सांगितलं. पाऊण तास झाला असेल. भाऊजी स्पीकरवर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण ती लातूर-यशवंतपूर रेल्वे आहे की. थ्री एसीला चाळीस किलो फुकट नेता येतात, अन् खोबऱ्याची वाटी कुणी विचारत नाही."