ऑफिसात इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग: आल्या आल्या, पाळीने की सॉफ्टवेअरवर?

'रात्रीची वीज स्वस्त' हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. महाराष्ट्रात आता ते उलटं झालंय. वीज नियामक आयोगाच्या २०२० च्या दर-आदेशात महावितरणच्या उच्चदाब (म्हणजे मोठ्या जोडणीच्या) ग्राहकाला सकाळी ९ ते १२ युनिटमागे ८० पैसे जादा पडायचे आणि सवलत रात्री १० नंतर मिळायची. २०२५ च्या आदेशानंतर, सौरविजेमुळे, सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये आली आणि जादा आकार ५ नंतर मध्यरात्रीपर्यंत लागू झाला. स्वस्त वीज नेमकी ऑफिसच्या वेळेत आहे. मग वेळापत्रक कशाला, असं वाटेल. पण खर्च युनिटमध्ये नाही, मागणी आकारात आहे, म्हणजे महिन्यात एका वेळी सर्वांत जास्त किती भार खेचला त्यावरच्या आकारात.

दहा गाड्या धरा. प्रत्येकीचं रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटर, म्हणजे साधारण ६ युनिट. सगळ्यांचे मिळून ६० युनिट. दिवसभरात पसरले तर भार ८ किलोवॅटसुद्धा होत नाही.

आल्या आल्या चार्जिंग. ७.२ किलोवॅटचे दहा चार्जर साडेनऊला एकदम सुरू झाले की ७२ किलोवॅट, तेही एसी चालू होतात त्याच वेळी. मीटर महिन्यातली सर्वांत मोठी मागणी नोंदवतो, मग ती अर्ध्या तासाची का असेना. सवलत युनिटमागे २ रुपये धरली तर २२ दिवसांत वाचतात २,६४० रुपये. मागणी आकार केव्हीएमागे (केव्हीए म्हणजे इथे ढोबळमानाने किलोवॅटच) ५०० रुपये धरला आणि हा भार तुमच्या कमाल मागणीवर चढला, तर जातात ३६,०००. इमारतीची कमाल मागणी दुपारी येत असेल तर फटका कमी बसेल, म्हणून आधी भाराचा तक्ता काढून बघाच. इव्ही चार्जिंगच्या दरश्रेणीत वेगळी जोडणी घेतली असेल तर मागणी आकार बराच कमी असतो. तिथे ही पद्धतही चालून जाते.

पाळी. माझं मत हिच्या बाजूने आहे, पण गाड्या हलवायच्या पाळीच्या नव्हे. आम्ही खांबाला कागद चिकटवून ते करून पाहिलं. दुपारी दीडला ग्रुपवर 'प्लग काढा' असे मेसेज, आणि गाडीवाला मीटिंगमध्ये. त्यापेक्षा प्रत्येक जागेवर १५ अँपिअरचा सॉकेट, ३.३ किलोवॅट, आणि पाच-पाच सॉकेटवर टायमर: पहिले साडेनऊ ते साडेबारा, दुसरे एक ते चार. भार साडेसोळा किलोवॅटच्या वर जात नाही, ६ युनिट दोन तासांच्या आत भरतात आणि कोणाला जागेवरून उठावं लागत नाही.

सॉफ्टवेअर. इमारतीचा मीटर वाचून उरलेला भार गाड्यांमध्ये वाटणारी यंत्रणा. पंचवीस-तीस गाड्या असतील, किंवा कोणी ठाण्याहून तर कोणी नाशिकहून येत असेल, म्हणजे प्रत्येकाची गरज वेगळी असेल, तर हिला पर्याय नाही. दहा गाड्यांसाठी मी पैसे घालणार नाही. घेतलीत तर चार्जर ओसीपीपीवर (चार्जर आणि सॉफ्टवेअर यांच्यातल्या संवादाची खुली, सामाईक पद्धत) चालतो ना, आणि नेट गेल्यावर भार-वाटप जागच्या जागी चालू राहतं ना, हे विचारा. बेसमेंटमध्ये रेंज नसते. शिवाय गाडी ६ अँपिअरखाली चार्ज होत नाही, म्हणजे दहा गाड्या एकदम लावल्या की किमान १४ किलोवॅट लागणारच. वीज त्याहून कमी उरली तर यंत्रणेलाही पाळीच लावावी लागते.

दुपारच्या शिफ्टचे लोक दोनला येतात. त्यांचे सॉकेट दुसऱ्या गटात ठेवा आणि तो टायमर दोन ते पाच करा.